मुरुडला आलेला रुपया मुरुडात का थांबत नाही?

आम्ही व्यापारी माणसे सहलीला गेलो तरी डोक्यातली वही काही मिटत नाही. बायको-मुले समुद्र पाहतात आणि आम्ही दुकानाच्या पाट्या वाचतो. गेल्या हिवाळ्यात मालेगावहून पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या लहान मुलांनी आणि एका वृद्ध खालाजानने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. सगळ्यांचे म्हणणे पडले की होडीत बसायचे आणि पाण्यातला किल्ला पाहायचा. तेव्हा एक गाडी ठरवली, पहाटे फज्रनंतर निघालो आणि रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचा रस्ता धरला. त्या एका दिवसाचा जमाखर्च आज वाचकांपुढे मांडत आहे. कारण त्यात आमच्या कोकणी बांधवांच्या फायद्याची एक गोष्ट मला दिसली.

मुरुड गावापासून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी आहे. तिथल्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागली होती. शाळेची मुले, नवी लग्न झालेली जोडपी, पुण्याकडची कुटुंबे, सगळ्या तऱ्हेची गर्दी होती. होडीत बसल्यावर माझा हात आपोआप शिडाच्या कापडावर गेला. जाडेभरडे, उन्हाने विटलेले आणि जागोजागी ठिगळ लावलेले कापड होते, पण ठिगळाची शिवण अशी पक्की की आमच्याकडचा शिंपीही मान खाली घालील. वारा भरला आणि इंजिनाचा आवाज न होता होडी सरकू लागली. खालाजानने डोळे मिटून दुआ सुरू केली आणि मुलांनी आरडाओरडा.

माझ्या पुतण्याने फोटोसाठी अंगातले जॅकेट काढून बाकावर टाकले. सुकाणूवर बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलने ते पाहिले आणि होडीचा वेग कमी करून म्हणाला, "बाबा, आधी जॅकेट घाल. फोटो घरी गेल्यावर बघायचा असतो." पुतण्या खजील झाला. मला मात्र तो म्हातारा आवडला. गिऱ्हाईक रागावेल याची त्याने पर्वा केली नाही. याला धंद्यातली दियानतदारी म्हणतात. कापडवाल्याचा गज आणि वाण्याचे वजन जसे, तसे होडीवाल्याचे जॅकेट. माप पुरे द्या ही जी कुरआनची शिकवण आहे, तीत माणसाच्या जिवाचे मापही येते असे मी समजतो.

हे मी उगाच लिहीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसांचा जीव गेला. अशी एक बातमी आली की किनाऱ्यावरच्या शंभर घरांची चूल थंडावते. ज्यांची काही चूक नाही, त्यांचीही गिऱ्हाइके पळतात. म्हणून जॅकेट ही सरकारची सक्ती न मानता धंद्याचे भांडवल मानले पाहिजे.

आता किल्ल्याविषयी. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जज़ीरा' म्हणजे बेट, यावरून आला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा नेमका कुठे आहे हे उमगत नाही, अशी त्याची बांधणी. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चारही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोडे, ही अल्लाहची कुदरत पाहून खालाजानच्या डोळ्यांत पाणी आले. बुरुजावर कलालबांगडी नावाची अजस्र तोफ आहे. मुले तिच्यावर चढली, ती आम्ही उतरवली. दरवाजाजवळ फारसी लेख कोरलेला आहे. उर्दू शाळेत शिकल्यामुळे मला त्यातली काही अक्षरे लागली, सगळा लेख काही लागला नाही. मी तिथे थांबून वाचू लागलो तर माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, "चाचा, चला, वेळ नाही." तास-पाऊण तासात होडी परत निघायची होती.

त्या मुलाने जी माहिती सांगितली तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. किल्ल्यातून समुद्राखालून राजपुरीपर्यंत भुयार आहे असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मी विचारले, "बेटा, तू ते पाहिलेस का?" तो हसला आणि म्हणाला, "लोकांना आवडते, म्हणून सांगतो." पुढच्या घोळक्याला तो सिद्दी आणि मराठे यांची लढाई अशा ढंगाने सांगत होता की जणू दोन धर्मांचीच लढाई होती. मागून आलेल्या घोळक्यात दाढी-टोपीवाले दिसले की त्याचा सूर बदलत होता. गिऱ्हाईक पाहून माल बदलणे, यालाच आम्ही बाजारात भेसळ म्हणतो.

खरी तारीख याहून जास्त रंजक आहे. बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. सिद्दी हे आफ्रिकेकडचे हबशी. अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीतून ते इथे जमले आणि पुढे मोगल बादशहाच्या आरमाराचे सरदार झाले. शिवाजी महाराजांनी त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. त्याच महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मुसलमान सरदार होता. पुढे पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे मूळ श्रीवर्धनचे आणि सिद्दीच्या मुलखातले देशमुख. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. १७३३ ते १७३६ या काळात पेशव्यांनी सिद्दीचा पुष्कळ मुलूख घेतला, पण किल्ला हाती आला नाही. शेवटी १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले, आणि काठेवाडातले जाफराबाद, जे जंजिऱ्याच्याच नवाबाचे होते, तेही. एवढी खरी गोष्ट हाताशी असताना भुयाराची गरजच काय? हा माल अस्सल आहे, तो अस्सलच विकावा. दोन्ही बाजूंच्या शूरांना त्यांचा मान द्यावा. ऐकणारा कोणत्याही धर्माचा असो, तो ताठ मानेने होडीत परत बसेल.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही धक्क्यावर परत आलो. सोबतच्या सर्व गाड्या पाहता पाहता निघून गेल्या. आमचा चालकही घाई करू लागला. म्हाताऱ्या तांडेलने होडी बांधता बांधता विचारले, "चाललात लगेच?" मी म्हणालो, "पाहिला ना किल्ला." तो म्हणाला, "सगळेच असे म्हणतात. खोकरी पाहिली का?"

खोकरी म्हणजे राजपुरीजवळच सिद्दी सरदारांच्या तीन घुमटांच्या कबरी. त्यांतली सिद्दी सुरूलखानाची सर्वांत मोठी. काळ्या दगडाचे असे कोरीव काम की वीजमागावरच्या सुंदर डिझाइनची आठवण व्हावी. आम्ही तिथे गेलो, फातिहा पढली. इतका वेळ थांबलो, पण आमच्याखेरीज एक माणूस आला नाही. किल्ल्यावर त्या दिवशी शेकडो माणसे होती आणि दोन-तीन मैलांवरच्या खोकरीत कबुतरे. मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसणारा पद्मदुर्ग, गारंबीचा धबधबा, नवाबांच्या शिकारीचे जंगल होते आणि १९८६ पासून अभयारण्य झालेले फणसाड, जिथे शेकरू नावाची मोठी खार झाडांवर उड्या मारते, हे सारे एका दिवसाच्या अंतरात आहे. आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला उतरले की पुढे दिवेआगर आणि श्रीवर्धन. म्हणजे तीन दिवसांचा माल दुकानात आहे आणि गिऱ्हाईक काउंटरवरची एक वस्तू घेऊन निघून जाते. त्याला आतला माल कोणी दाखवतच नाही.

रात्री घरी परतल्यावर मी खर्चाचा हिशेब मांडला. जुन्या पद्धतीने एका रुपयाचे सोळा आणे धरू. नऊ आणे गाडीभाडे आणि डिझेलात गेले. तीन आणे वाटेतल्या नाश्त्याला आणि परतीच्या जेवणाला, तेही अलिबागच्या पलीकडे. दोन आणे मुरुडच्या खाणावळीतल्या दुपारच्या जेवणाला. एक आणा होडीला आणि माहिती सांगणाऱ्या मुलाला. उरलेला एक आणा मुलांच्या टोप्या, खेळणी आणि एक टॉवेल यांना. मी टॉवेल उलटून पाहिला, टोपीची शिवण पाहिली. आमचा रोजचा धंदा आहे. त्यांतले काहीच मुरुडचे नव्हते, सारे बाहेरच्या ठोक बाजारातून आलेले. म्हणजे त्या आण्यातलाही मोठा भाग परत बाहेर गेला. एकूण सोळा आण्यांपैकी मुरुडात राहिले जेमतेम साडेतीन आणे. ज्या गावाच्या नावाने आम्ही घरून निघालो, त्या गावाच्या पदरात एवढेच!

आता कोणी म्हणेल, तुम्ही थांबला नाहीत, त्यात गावाचा काय दोष? हा प्रश्न रास्त आहे. आम्ही थांबायला तयार होतो. खालाजान दमली होती. मी तांडेलला विचारले की घरच्या बायका-मुलांसह एक रात्र काढता येईल, स्वच्छ आणि शांत, अशी जागा कुणाच्या घरी मिळेल का. त्याने वाडीतल्या एका दुमजली घराकडे बोट केले. "ते माझ्या चुलतभावाचे घर. चार खोल्या आहेत. सगळे कुवेतला. चावी माझ्याच घरी खिळ्याला टांगली आहे. पण आतल्या गाद्यांना बुरशी धरली असेल, तुम्हाला कुठे देऊ?"

वाचक बंधूंनो, त्या खिळ्याला टांगलेल्या चावीने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. कोकणातल्या मुसलमान वस्तीत अशी कुलूपबंद घरे किती आहेत हे तिथल्या लोकांना सांगायला नको. आमचे कोकणी बांधव पूर्वी जहाजावर खलाशी होऊन जगभर फिरले. दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. १९७० नंतर आखाती देशांत गेले. त्या कमाईतून गावात पक्की घरे झाली, मशिदी आणि शाळा झाल्या. ही मेहनत लहान नव्हे. पण तो रोजगार काही कायमचा पट्टा नाही. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. २०११ पासून सौदी अरेबियाने आपल्या नागरिकांना नोकऱ्या देण्याचे नियम कडक केले आणि जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर शुल्क बसवले, तेव्हा पुष्कळांनी बायका-मुलांना गावी पाठवून दिले. परतलेला माणूस दोन गोष्टी करतो. एक तर रिक्षा किंवा गाडी घेतो, नाही तर जमीन विकतो. भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईच्या माणसाला हा किनारा आणखी जवळ आला आहे. जमिनीला गिऱ्हाईक तयार उभे आहे. पण जमीन विकणे म्हणजे मुद्दल खाणे. खोली भाड्याने देणे म्हणजे नफा खाणे. हा फरक आमच्या पोरांना दुकानात पहिल्या वर्षी शिकवला जातो.

या धंद्याविषयी आमच्या वडीलधाऱ्यांची एक हरकत आहे, ती मी टाळून जाणार नाही. ते म्हणतात की किनाऱ्यावर लोक दारू पितात, नको ते करतात, शरीफ घराण्याने हा धंदा करू नये. हरकत चुकीची नाही. परंतु दुसरी बाजूही पाहा. आमच्यासारखी कुटुंबे, ज्यांना दारू नको, हलाल जेवण हवे, नमाजला जागा हवी, बायकांना आडोसा हवा, ती कुठे उतरतील? आणि असे शांत घर केवळ मुसलमानांनाच हवे असते असेही नाही. शेकडो हिंदू कुटुंबेही म्हातारे आई-वडील घेऊन असेच घर शोधत असतात. दारावर स्पष्ट पाटी लावा की इथे फक्त कुटुंबे उतरतील आणि दारू चालणार नाही. जे गिऱ्हाईक नको ते आपोआप जाईल. आपण मैदान सोडले तर तिथे तोच धंदा उभा राहील ज्याची आपल्याला भीती वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः तिजारत केली, शामपर्यंत प्रवास केला. प्रवाशाची सोय पाहणे हे आपल्याकडे सवाबाचे काम मानले आहे, आणि त्यातून हलाल रिज्क मिळत असेल तर संकोच कशाचा?

भांडवलाचे काय? व्याजाचे कर्ज काढण्याची गरज नाही. आपल्याकडे मुदारबतचा जुना मार्ग आहे. एकाने रोख पैसा घालावा, दुसऱ्याने मेहनत करावी, नफ्याचा हिस्सा आधी ठरवावा. हलगर्जी नसेल तर तोटा पैसेवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली तोच त्याचा तोटा. कुवेतच्या भावाने घराचे भाडे वेगळे ठरवावे आणि दुरुस्तीसाठी, गाद्या-चादरींसाठी रोख रक्कम द्यावी. इथल्या भावाच्या कुटुंबाने घर चालवावे. हे सर्व कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. भावाभावांत लिहायचे काय, असे म्हणू नका. देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनने दिला आहे, आणि जिथे लिहिले नाही तिथेच भाऊ भावाशी बोलेनासा झालेला मी बाजारात पाहिला आहे. शासनाची निवास व न्याहारीची योजना आहे, तिच्यात रीतसर नोंदणी करावी म्हणजे पुढे कटकट राहत नाही.

माझ्या धंद्यातले दोन शब्द सांगतो, कारण खोलीचे नाव चादरीवरून होते. एका पलंगामागे चादरींचे किमान तीन जोड ठेवा. एक पलंगावर, एक धुण्यात, एक फडताळात. समुद्रकाठी कपडा लवकर वाळत नाही, म्हणून चौथा असला तर उत्तम. चादर पांढरी आणि सुती घ्या. रंगीत छापील चादर मळ लपवते आणि गिऱ्हाइकाला तेच खटकते. पांढरी चादर मालकाची नियत दाखवते. सोलापूरचा टॉवेल, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे कापड, हे आपल्याच राज्यात मिळते. चार घरांनी मिळून ठोकात घेतले तर भावातही फरक पडतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा गाद्या-चादरी बंद लोखंडी कपाटात कोंबू नका. दमट हवेने बुरशी धरणारच. उन्हाचा एक दिवस मिळाला की बाहेर काढा.

जेवणाविषयी मी काय सांगावे! तांदळाची भाकरी, घावन, सांदण, नारळाच्या दुधातली कोलंबी, हे आमच्या कोकणी बहिणींच्या हातचे ज्याने खाल्ले तो पंजाबी भाजी मागणार नाही. तरी त्या दुपारी खाणावळीत आमच्यापुढे पंजाबी भाजीच आली. अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येणारी प्रत्येक गाडी थांबते आणि माळ घेते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे, मुरुडच्या नारळाचे, घरच्या कोकमाचे तसे नाव का होऊ नये? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. नवीन झाड उत्पन्न द्यायला वर्षे लागतात. तोवर त्या कुटुंबाला दुसरा हात हवा, तो याच पाहुण्याच्या रूपाने दारात येऊन उभा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. होडी हा मुरुडचा धंदा नव्हे, ते मुरुडच्या धंद्याचे दार आहे. होडीवाल्यांनी प्रत्येकाच्या अंगात जॅकेट घालावे. माहिती सांगणाऱ्या मुलांना गावातल्या शिक्षकांनी चार दिवस बसवून खरी तारीख शिकवावी. परत आलेल्या प्रत्येक गाडीला कोणीतरी एवढेच विचारावे की, खोकरी पाहिली का? आणि दहा कुलूपबंद घरांपैकी दोन जरी उघडली तरी आमच्या रुपयातले साडेतीन आणे आठ आणे होतील. याला कुठलीही मोठी कंपनी लागत नाही, मंत्री लागत नाही.

निघताना मी म्हाताऱ्या तांडेलला म्हणालो की, कुवेतच्या भावाला आजच फोन करा, चादरी मी ठोक भावाने देईन. तो हसला आणि म्हणाला, "चाचा, फोन करतो, पण आधी गाद्यांना ऊन दाखवतो." मला वाटते धंद्याची सुरुवात अशीच व्हायला हवी. अल्लाह त्याच्या हाताला बरकत देवो, आणि पुढच्या हिवाळ्यात खालाजानला त्या घरात एक रात्र समुद्राचा आवाज ऐकत झोपायला मिळो. आमीन.